खुर्चीतलं बाहेर विचारायचं नाही

प्रशिक्षणात आमचा एक कडक नियम होता: खुर्चीत बसून जे बोललं जाईल, ते खोलीबाहेर कुणी कुणाला विचारायचं नाही. आरोग्यकेंद्राच्या वरच्या मजल्यावर आम्ही दहा मुलंमुली कॉलेजांमध्ये एचआयव्हीबद्दल बोलायची तयारी करत होतो. एकाने डब्यातून चिठ्ठी काढायची, तिच्यात लिहिलेला माणूस व्हायचं, समोरच्याने त्याला धीर द्यायचा. झालं की ‘खेळ संपला’ म्हणून उठायचं. माझं सगळं तोंडपाठ होतं. उगाच विनय कशाला, सगळ्यांत जास्त मलाच येत होतं.

त्या दुपारी समोर माझा आतेभाऊ आला. तो शिकायला आमच्याच घरी राहतो आणि एक नंबरचा नकलाकार आहे. बाबांच्या घोरण्याची नक्कल तो बाबांसमोर करतो. चिठ्ठी वाचून त्याने मुठीत दाबली.

“रिपोर्ट येऊन आठ दिवस झाले,” तो म्हणाला. “पॉझिटिव्ह आहे.”

माझी गाडी सुसाट सुटली. रोज गोळ्या घेतल्या की विषाणू दबून राहतो, माणूस चारचौघांसारखा जगतो, एका ताटात जेवून काही होत नाही.

“घरी सांगू?”

“तो निर्णय सर्वस्वी तुमचा,” मी पुस्तकातलं वाक्य फेकलं.

“आणि घर मामाचं असेल तर?”

मला हसूच फुटलं. गडी चिठ्ठी सोडून भरकटला होता! मी ‘खेळ संपला’ म्हणून उठले. आमच्या समुपदेशक ताईंनी टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर खुर्च्या रचताना त्याची चिठ्ठी सापडली. ‘डास चावल्याने एचआयव्ही होतो का, असं विचारणारा शेजारी.’

मी ती तीनदा वाचली. डासाचा कंटाळा आला म्हणून त्याने मनाचंच काही ठोकून दिलं असेल? तसं असेल तर मी त्याचा गळाच धरणार होते. पण हल्ली तो दाढदुखी सांगून जेवायला उशिरा, एकटाच बसायचा. दाढ खरंच दुखत असेल. दुखत नसेल तर? नकला करणाऱ्याचं खरं बोलणं ओळखायचं तरी कसं? मला भीती वाटत होती, आणि त्याचा रागही येत होता.

ताईंना गाठलं. “एखाद्याने खुर्चीत खरंच सांगितलं असेल तर?”

“दुसऱ्याचं मी बोलणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुझं काय झालंय?”

मी चिठ्ठी मुठीत दाबून जिना उतरले.

घरी आले तर तो गॅलरीत बाबांचे शर्ट इस्त्री करत होता. नियमाप्रमाणे विचारता येत नव्हतं आणि न विचारता राहवत नव्हतं. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. तोंड उघडलं, मिटलं. त्याने एका बाहीवर चारदा इस्त्री फिरवली.

“काय गं? वाचा बसली का?”

“मला काहीच सुचत नाहीये,” मी म्हटलं आणि मला रडू आलं. “तू खरं बोललास की खोटं, तेही कळत नाहीये.”

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि खाली बसला.

“गोळ्या सुरू करायला बोलावलंय. दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.”

“मग मला दुपारीच का नाही रे सांगितलंस?”

“सांगत होतो की. पण तुझ्याकडे सगळ्याची उत्तरं तयार होती. मला जरा घाबरायचं होतं गं.”

आत आई जेवायला हाक मारत होती. आम्ही दोघं तिथेच बसून घाबरलो.