वळणावर विव्हळणारी बोट

न्यूझीलंडमधल्या व्हिटियांगाच्या धक्क्यावर रविवारी निम्मं गाव जमलं होतं. हातात सॉसेज-पाव, नजर पाण्यावर. डेन्झिलची दोन पोटांची, म्हणजे दोन होड्या शेजारी जोडल्यासारखी बोट, महिनाभर वळणावर विव्हळणारी, आज लोण्यासारखी वळत होती. सुकाणूवर कॉर्बिन होता. समुद्राशी बोलतो म्हणून किनाराभर प्रसिद्ध असलेला हा इसम एका हाताने तांब्याची कांडी आभाळाकडे धरून उभा होता.

"शांत झालाय तो," बोट धक्क्याला लागताच कॉर्बिन म्हणाला. "पण ही शांती दोन दिवसांची, नोएलीन. डेन्झिल या बोटीत अडकलाय. बोट माझ्या स्वाधीन कर, मी त्याला मोकळा करतो."

"चमत्कार आहे चमत्कार!" शेजारचा मर्व्ह ओरडला.

नोएलीन रडत होती. तिचा नवरा डेन्झिल हिवाळ्यात गेला. त्याची राख समुद्रात सोडायला ती आणि लेक निघाल्या, तर पहिल्याच वळणावर इंजिन असं किंचाळलं की तिने डबा पोटाशी धरून बोट माघारी फिरवायला लावली. तेव्हापासून डबा ओट्यावर होता आणि नोएलीनला जेवण जात नव्हतं.

"ब्रोनविन, किल्ली दे त्यांना," ती लेकीला म्हणाली.

ब्रोनविन मघाशी बोटीत कॉर्बिनच्या मागेच बसली होती. सगळे कांडीकडे बघत असताना तिने त्याचा दुसरा हात बघितला होता.

"देते, आई. आधी एक फेरी मी मारते. तू चल, मर्व्हकाका चला. कॉर्बिन, तुम्हीही या, कांडी घेऊन."

"संशयी माणसाजवळ ऊर्जा टिकत नाही, पोरी."

"फारच लाजाळू दिसते ही ऊर्जा!" ब्रोनविन म्हणाली.

धक्क्यावर हशा पिकला. त्याला बोटीत चढावंच लागलं.

खाडीच्या मध्यावर तिने वेग धरला, वेगाच्या दांड्यावरचं बटण अंगठ्याने दाबलं आणि वळण घेतलं. दोन इंजिनांपैकी वळणाच्या आतल्या बाजूचं इंजिन किंचाळलं.

"रागावला!" कॉर्बिनने कांडी उगारली.

ब्रोनविनने बटणाचं दुसरं टोक दाबलं. तेच वळण, तोच वेग. आवाज नाही. पुन्हा दाबलं, किंकाळी. पुन्हा, शांत. कांडी अजून हवेतच होती.

"बाबांनी जन्मात कुणाचं एवढं ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "या बटणाने इंजिनाचा कल बदलतो. बाहेर कललं की पंखा वर येतो, पाण्याऐवजी हवा ओढतो आणि मोकळाच भिरभिरतो. तोच हा आवाज. आत घेतलं की पंखा पाणी धरतो. मघाशी यांचा दुसरा हात याच बटणावर होता. मर्व्हकाका, दुरुस्तीनंतर इंजिनं तुम्हीच चढवलीत ना?"

"माझ्या बोटीला बसवतो तशीच बसवली!"

"तुमची एका पोटाची. हिच्या दोन पोटांमधून फेसाळलेलं पाणी मागे येतं, आणि वळताना आतलं पोट उचललं जातं. हिची इंजिनं बोल्टच्या एका भोकाने खाली बसवायला हवीत."

मर्व्ह बुटांकडे बघू लागला. कॉर्बिन कांडी पुसू लागला.

"म्हणजे तो रडत नव्हता?" नोएलीनने विचारलं.

"नाही, आई."

"मग आहे कुठे तो?"

"बाबा नाहीत, आई."

दुपारी मर्व्हनेच पाना घेऊन इंजिनं खाली घेतली. मायलेकी राख घेऊन निघाल्या. वळणावर नोएलीनने श्वास रोखला. इंजिनाची एकसारखी घरघर तेवढी आली. मग तिने डब्याचं झाकण काढलं.

गेलेल्या माणसाचा आवाज आपल्याला कशातही ऐकू येतो, त्यात लाज नाही. पण तो आवाज ओळखून देतो म्हणत कुणी आलाच, तर कान त्याच्याकडे द्या आणि डोळे त्याच्या हाताकडे.