शिडीजवळचा आकडा

सोनं फार हट्टी. खडक दळून त्याचं पीठ करा, पाण्यात कालवून लगदा करा, त्यात सायनाइड घाला, तरी ते सुखासुखी विरघळत नाही. चुलीत कितीही लाकडं कोंबली आणि वारा नसला, तर नुसता धूर होतो ना? तसंच हे. सायनाइडलाही ऑक्सिजनची सोबत लागते. म्हणून लगद्याच्या टाकीत तळाशी भोकांचा पाइप बसवून हवा सोडतात, आणि लगद्यात ऑक्सिजन किती मुरलाय ते मीटर दाखवत राहतं.

अशाच एका टाकीवर भाऊ ऑपरेटर होता आणि तिथली मीटरं त्याची धाकटी बहीण सांभाळायची. हल्ली न विरघळलेलं सोनं टाकून द्यायच्या गाळातच वाहून जाऊ लागलं होतं. मीटर मात्र म्हणत होतं, ऑक्सिजन भरपूर!

"हवा ठीक, सायनाइड ठीक, म्हणजे टाकी चालवणाराच ढिला," साहेब म्हणाले. "दादा, उद्यापासून तुम्ही गोदामात."

भावाचं तोंड उतरलं. टाकीच्या नुसत्या घरघरीवरून तिची तब्येत ओळखणारा माणूस, गोदामात पोती कसली मोजणार?

"तुझ्या मीटरनं गळा कापला माझा," तो बहिणीला म्हणाला.

"रडतोस काय? आधी मीटरचीच उलटतपासणी घेऊ. साहेब, तुम्हीही चला."

तिने हातमोजे चढवले, मीटरचा दांडा लगद्यातून काढून धुतला आणि हवेत धरला. आकडा यायला हवा तेवढाच आला. मग तो ऑक्सिजन खाऊन टाकणारी पूड घातलेल्या पाण्यात बुडवला. आकडा घसरत घसरत शून्यावर टेकला.

"मीटर खरं बोलतंय," साहेब म्हणाले.

"झालं! घरचीच साक्षीदार उलटली," भावाने कपाळावर हात मारला.

"थांब रे दादा. खरं बोलतंय, पण कुठलं? जिथे टांगलंय तिथलं." तिने मीटरच्या आकड्याकडे नाही, तर दांडा टांगायच्या शिडीजवळच्या आकडीकडे बोट दाखवलं. "ही जागा मीच निवडली. धुवायला हाताशी पडते म्हणून."

तिने दांडा एका लांब नळीला बांधला आणि टाकीच्या कडेने निघाली. जागोजागी खोल बुडवायची, आकडा ठरेपर्यंत थांबायची. शिडीजवळ आकडा आठ होता. पुढे सहा, मग चार. पार पलीकडे दोनसुद्धा भरेनात.

"इथे सायनाइड वाढवू या?" साहेबांनी विचारलं.

"वारा नसलेल्या चुलीत आणखी लाकडं? पाइप वर काढा, साहेब."

हवा बंद करून पाइप वर ओढला. सायनाइडचा विषारी वायू सुटू नये म्हणून लगद्यात चुना घालतात. त्याचा दगडासारखा थर भोकांवर बसला होता. शिडीकडची तेवढी भोकं उघडी होती.

"अरे! आम्हाला चुना लावणारा हा होय!" भाऊ हसला आणि साहेबांनी काही म्हणायच्या आत त्याने छिन्नी-हातोडी मागवली.

"गोदामाचं राहू द्या, दादा," साहेब म्हणाले. "आधी हे साफ करा."

त्या आठवड्यात गाळातलं सोनं नावापुरतं उरलं. भाऊ टाकीच्या पलीकडे लोखंडी पायरी बसवत होता.

"इथे दुसरं मीटर टांगशील खरं, पण धुवायला एवढ्या लांब येणार कोण?"

"तू," बहीण म्हणाली. "आता जमतंय ना तुझं नि मीटरचं!"