सगुणाने धुतलेले बिबे

शुक्रवारी दुपारी नाओमी पेणच्या बाजारात उतरली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच. झाडपाला विकणाऱ्या सगुणाच्या बिब्यांवर तिचा मुंबईतला सगळा प्रयोग उभा होता. बिब्याचं तेल उंदराच्या कानाला लावलं की कान सुजायचा. आधी शरीरातलंच एक प्रथिन टोचलं, पेशींना ‘आवरा’ असा निरोप देणारं, की सूज जवळजवळ येतच नव्हती. दहा साध्या उंदरांचे कान टम्म, दहा टोचलेल्यांचे सपाट. सोमवारी परिषदेत ती हेच वाचणार होती. साल सत्त्याण्णव.

“इतकी वर्सं शिकून उंदराच्या कानाला बिबे लावतेस? रोह्याला आयशीला ठाव हाय काय गो?” सगुणाने पेढा तोंडात टाकला.

“तुमचेच बिबे, मावशी. दुसऱ्या खेपेचे तर फारच उपयोगी पडले.”

“पडतील नाय तर काय! पयल्या खेपेला तुज्या मनगटावर बिबा उतला व्हता ना? म्हनून दुसरे विटेच्या भुग्यात चोळले, गरम पान्यानं धुतले, मंगच दिले. आता उतले तर नाव बदल माजं!”

नाओमीने दोन्ही खेपांचा हिशेब मनात जुळवला. पहिल्या खेपेचं तेल साध्या उंदरांवरच संपलं होतं. टोचलेल्यांना लागलं ते दुसऱ्या खेपेचं. दोन्ही खेपा सारख्याच असं धरून चालली होती ती स्वतःच. सगुणाने तर माया केली होती.

“त्यातला एखादा उरलाय?”

डब्यात एक निघाला. नाओमीने सुईने टोचून त्याचं तेल मनगटावर, जुन्या काळ्या डागाशेजारी लावलं आणि रोह्याची एसटी धरली. संध्याकाळी आईने शब्बाथचे, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावले. शनिवार गेला, रविवार उजाडला. मनगटावर पुरळसुद्धा नाही.

तिने एसटीडी बूथवरून मुंबईला, तिच्या प्रयोगाच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. “सर, उद्याचा निबंध मागे घ्या.”

“का? प्रथिनाला गुण नाही?”

“ते अजून माहीत नाही. बिब्यांना गुण नव्हता, एवढं कळलंय.”

 सर म्हणाले, “घेतो.”

एप्रिलमध्ये तिने कच्च्या बिब्यांच्या एकाच तेलाने, एकाच दिवशी, वीसही उंदरांचे कान माखले. टोचलेल्यांचेही सुजले; मात्र तिसऱ्या हिश्शाने कमी. हे सांगायला ती पेणला आली, तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं.

“म्हंजे थोडं खरं व्हतं?” सगुणाने विचारलं.

“थोडं.”

“मंग तवाचे पेढे फुकट नाय गेले.”