गटारातलं औषध

वासरांच्या गोठ्यात हगवण शिरली, तेव्हा थोरलीनं धाकट्या जावेला फोन केला. धाकटी जनावरांची डॉक्टर. तिनं शेण तपासलं. "ताई, हे जंतू तुमच्या इंजेक्शनांना भीक घालत नाहीत."

मग तिनं गोठ्यामागच्या गटाराचं पाणी प्रयोगशाळेत नेलं. जिथं जंतू, तिथं त्यांचा फडशा पाडणारे विषाणूही असतात. बारा दिवस खपून तिनं नेमके तेच वेगळे काढले, वाढवले, गाळून शुद्ध केले. आपल्या खात्याच्या साहेबांची परवानगी घेऊन बाटल्या थोरलीच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आधी खायचा सोडा पाजायचा, म्हणजे पोटातल्या आम्लानं विषाणू मरत नाहीत, मग औषध. आधी चारच वासरांना दिलं. तिसऱ्या दिवशी ती एकमेकांना ढुशा देत होती.

थोरलीचा नवरा मात्र नाक मुरडत होता. "गटार पाजून बरं करणार म्हणे! शिकून शिकून डोकं फिरलं." थोरली बाहेर गेल्याचं बघून त्यानं बाटल्या मोरीत ओतल्या आणि उरलेल्या बारा वासरांना पुन्हा तीच इंजेक्शनं टोचली.

धाकटी आली तेव्हा पाच वासरं गोणपाटाखाली होती.

"भाऊजी, बाटल्या कुठायत?"

"फेकल्या. माझ्या घरात घाण चालणार नाही."

"कुणाला विचारून?" तिचा आवाज चिरकला. "मेलेली पाहिलीत का ही?"

"माझा गोठा आहे. मी..."

"तुमचा?" थोरली पुढे आली. वीस वर्षांत तिनं नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता. "शेण कोण काढतं इथं? यातलं कुठलं वासरू कुठल्या गाईचं, एकाचं तरी सांगा!"

तिनं फावडं त्याच्या पायाशी आदळलं. "खणा खड्डे. पाचही. गड्याला हात लावू देणार नाही मी."

तो खणत राहिला. हाताला फोड आले, तरी दोघींपैकी कुणी पाणी विचारलं नाही.

प्रयोगशाळेत थोडे विषाणू राखून ठेवले होते. धाकटीनं त्यांतून दोन दिवसांत औषध पुन्हा वाढवलं. उरलेल्या सातांपैकी सहा वासरं वाचली.

पुढच्या आठवड्यात शेजारी चौकशीला आला, तर नवरा छाती काढून म्हणाला, "आमच्या घरचंच औषध आहे."

थोरलीनं हातातली बादली तिथंच आपटली आणि आत निघून गेली. त्यानंतर महिनाभर ती त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही.