पितळेची बाई

सेनामने भोपळ्याचा कोरीव कंदील उचलून टोपीसारखा डोक्यावर ठेवला आणि समोरच्या आरशात पाहून मान डोलावली.

"कशी दिसते? नवरीपेक्षा बरी ना?"

"ठेव खाली. फुटला तर गळ्यात पडेल," फोसुआ म्हणाली, पण तिलाही हसू आलं.

शिवणकामाच्या दुकानातून दोघींना दुपारची सुट्टी मिळाली होती, ती याच कामासाठी. मालकिणीच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि सगळ्या बायकांच्या वतीने भेट आणायची जबाबदारी सेनामने हौसेने अंगावर घेतली होती. अक्रातल्या ओसू भागातल्या त्या गल्लीत असली दुकानं एकाला एक चिकटून होती. कुठे रबरी चपला कापून केलेले हत्ती, कुठे बाटल्यांच्या बुचांचे पडदे, कुठे जुन्या न्हाव्यांच्या रंगवलेल्या पाट्या. सेनामला प्रत्येक दुकानात शिरायचं होतं, प्रत्येक वस्तूला हात लावून पाहायचा होता. फोसुआही काही कमी नव्हती. तिचा उजवा पाय घोट्यापासून आत वळलेला होता, त्यामुळे ती जरा ओढत चाले. पण असल्या दुकानांत तिला पायाचं भान राहत नसे. मूठभर मणी ओंजळीत घेऊन ती लहान मुलीसारखी उभी राही.

कंदील ठेवायला तिने फळीवर जागा केली. काचेच्या माळा बाजूला सारताना हाताला काहीतरी गार लागलं.

पितळेची बाई होती. वीतभर उंचीची. पाठीला कापडाने बांधलेलं मूल. मूल पुढे न पाहता मान वळवून मागे पाहत होतं. बाईचा उजवा पाय घोट्यापासून आत वळलेला होता.

फोसुआने ती उचलली नाही. उचलायची गरजच नव्हती. डोक्यावरचा एकेक पेड मेणाच्या दोरीने वळून लावायचा, मग माती लिंपायची, मग वितळलेलं पितळ ओतायचं. इतका बारीक पेड कुमासीकडच्या त्या गावात एकच ओतारी काढी. बोआदू. तिचा नवरा.

मुलीला पाठीशी बांधून तिने ते घर सोडलं, त्याला आता वर्षं झाली होती. मुलगी, न्हीरा, तिसरीत गेली होती. त्या पहाटे अंगण ओलांडताना न्हीरा रडली नव्हती, फक्त सारखी मागे वळून पाहत होती. फोसुआला तेव्हा वाटलं होतं, तिला झोप येतेय.

मूर्तीतलं मूल तसंच मागे पाहत होतं. म्हणजे बोआदू जागा होता. दारात उभा राहून पाहत होता. जाऊन जाऊन कुठे जाईल, असं म्हणून परत झोपला असेल.

"अगं, हे बघ, हे बघ, माकडाच्या आकाराची मिठाची भांडी," पलीकडून सेनाम म्हणाली.

"दुसरीकडे बघू," फोसुआ म्हणाली. "इथे गरम होतंय."

बाहेर वाळवंटाकडून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याच्या धुळीने आभाळ पांढरट झालं होतं. सेनाम बडबडत पुढे चालली होती. फोसुआ स्वतःशी म्हणत होती, पितळेच्या वस्तू कुठूनही कुठे जातात. व्यापारी नेतात. त्याने विकली असेल, ती हात बदलत अक्राला आली असेल. त्यात काय.

पुढचं दुकान टोपल्यांचं होतं. जाड चष्मा लावलेला एक लठ्ठ गृहस्थ गल्ल्याशी बसला होता, आणि गल्ल्यावर, त्याच्या कोपराशी, तीच बाई उभी होती. तेच मागे पाहणारं मूल. तोच पाय.

मेणावरून मूर्ती ओतली की साचा फोडावा लागतो. एकासारखी दुसरी हवी असेल, तर पुन्हा पहिल्यापासून हाताने घडवावी लागते. फोसुआ दारातच थांबली.

चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग मूर्तीकडे. मग खाली, तिच्या पायाकडे. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"सिस्टर! या ना, आत या. बसा. पाणी घेता? थंडगार आणतो."

"नको," फोसुआ म्हणाली.

"असं कसं नको! बसा हो दोन मिनिटं. मी आलोच." तो उठला, पाठ फिरवली आणि फोन कानाला लावला.

फोसुआने सेनामचा दंड धरला आणि तिला ओढतच बाहेर काढलं. घाईने पाय टाकला की घोट्यातून कळ डोक्यापर्यंत जाई, ती गेली. तरी ती थांबली नाही.

"अगं, झालं काय? ती टोपली मी घेणार होते! भूत बघितल्यासारखी काय पळतेस?"

 गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता दिसत होता, पण तिथे उघड्यावर गाडीची वाट पाहत उभं राहावं लागलं असतं. डाव्या हाताला एक अंधारं दुकान होतं, छतापासून जमिनीपर्यंत कापडं लोंबणारं. फोसुआ त्यात शिरली आणि दारालगतच्या टायरच्या स्टुलावर बसली. एका पायातली चप्पल निसटून जमिनीवर पडली.

मग तिने वर पाहिलं. समोरच्या फळीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, ती होतीच.

"बसलीस ते बरं केलंस," कापडांच्या मागून आवाज आला. दुकानाची मालकीण तिथे मांडीवर भाजलेल्या शेंगांची परडी घेऊन बसली होती. आंटी डेडेला गल्लीत सगळेच ओळखत. अंगाने भरलेली, पिकल्या केसांची, बोलायला तिखट. तिने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि फोसुआकडे नीट पाहून घेतलं. "तूच ना ती?"

"कोण ती?" सेनामने विचारलं. तेवढ्यात तिचीही नजर फळीवर गेली, तिथून फोसुआच्या पायावर आली आणि तिथेच राहिली.

"नवरा रडला गं तुझा माझ्यापुढे," आंटी डेडे म्हणाली. "तू बसलीस ना, त्याच स्टुलावर. म्हणाला, बाळंतपणानंतर बायकोचं डोकं फिरलं, पोर घेऊन निघून गेली. महिना झाला, इथे लबादीला खोली घेऊन राहिलाय. दर दुकानात एकेक आणून ठेवलीय त्याने. म्हणाला, तिला असल्या वस्तूंचा नाद आहे, आज ना उद्या या गल्लीत येणारच. हिच्यापुढे थबकली, की मला कळवा."

"कळवलंत?"

"मी अजून नाही. पण चष्मेवाल्याकडून आली असशील, तर त्याने कळवलं असणार. पुण्य मिळवायची भारी घाई असते त्याला."

फोसुआने बाहेर पाहिलं. गल्लीतून माणसं चालली होती. प्रत्येक पुरुष लांबून बोआदूसारखाच चालत होता.

"पायाचं काय सांगितलं त्याने?" तिने विचारलं.

"जन्मापासूनच तसा, म्हणाला. लोक हसायचे, पण मी जीव लावला, म्हणाला."

फोसुआने खाली वाकून घोट्यावर हात ठेवला. 

"फुफूसाठी कंद कांडायचं मुसळ होतं त्याच्या हातात," ती म्हणाली.

 लहानपणी आंब्यावरून पडले, असं फोसुआने सेनामला सांगितलं होतं. कितीदा तरी दोघी त्या आंब्याला शिव्या देऊन हसल्या होत्या.

आंटी डेडेचं चावणं थांबलं. तिच्या शेजारी ठेवलेला फोन वाजायला लागला. तिने त्याच्याकडे पाहिलं, उचलला नाही. वाजून वाजून तो बंद पडला. मग तिने परडी बाजूला ठेवली.

"उठा दोघी. पडद्याच्या आत व्हा. आणि आता तोंडातून ब्र काढायचा नाही."

आत जेमतेम दोघींना उभं राहता येईल एवढी जागा होती, बाकी सगळी गाठोडी. समोर जाड निळा पडदा. फोसुआला नीळ आणि धुळीचा वास आला, आणि स्वतःच्या घामाचा. एक पाय अनवाणी आहे, हे तिला तेव्हा कळलं. पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं. चप्पल स्टुलापाशी तशीच पडली होती, आतल्या बाजूने झिजलेली. आंटी डेडेने खुर्चीत बसल्या बसल्या पाय लांब केला आणि ती हळूच खुर्चीखाली ओढून घेतली.

दारात उजेड कमी झाला.

"आंटी, बऱ्या आहात ना?"

आवाज तसाच होता. मऊ. गावात सगळे म्हणत, बोआदूने कधी कुणाला अरे म्हटलं नाही.

"बरी म्हणायची. धूळ खातेय. तू असा अचानक कसा रे?"

"इथेच होतो. फोन केला होता. तुम्ही उचलला नाही."

"शेंगा सोलत होते. हात खरकटे."

"चष्मेवाल्या दादांकडून एक बाई इकडे आली म्हणे."

"आली होती ना. लंगडत. बरोबर एक बडबडी होती, डोकं उठवलं माझं. पण तुझी नव्हे ती."

"कशावरून?"

"डावा पाय होता तिचा."

 पडद्याबाहेर पितळेवर अंगठी घासल्याचा बारीक आवाज आला. त्याने मूर्ती हातात घेतली होती.

"दादा उजवा म्हणाले."

"त्याला चष्मा लावूनसुद्धा स्वतःची बायको ओळखू येत नाही. परवा माझ्या बहिणीला हाक मारत होता."

बोआदू हसला. मनापासून हसला.  ते हसणं ऐकून फोसुआने डोळे मिटून घेतले. आता जाईल, आता जाईल, असं ती मनाशी म्हणत राहिली. पण पावलं वाजली नाहीत.

"फोसुआ," तो म्हणाला.

मोठ्याने नाही. स्वयंपाकघरातल्या बाईकडे पाणी मागावं, तसं.

"मी रागावलो नाही गं. मुलगी केवढी झाली असेल आता. तुझी चूल तशीच ठेवलीय, कुणाला हात लावू दिला नाही." तो थांबला. "चल आता घरी. दमली असशील."



"कुणाशी बोलतोस रे?" आंटी डेडेचा आवाज चढला. "आत माझी बहीण निजलीय, तापाने फणफणलीय."

"एकदा बघू द्या फक्त."

"निजलेल्या बाईला बघायचंय? अस्सं? इसाका! ए इसाका! तुझी नारळाची गाडी राहू दे तिथेच, कोयता घेऊन ये इकडे. ह्या भाऊंना रस्ता सापडत नाहीये."

"काय झालं, आंटी?" बाहेरून जड आवाज आला. गाडीचा दांडा खाली टेकल्याचं ऐकू आलं.

"काही नाही, काही नाही," बोआदू म्हणाला. अजूनही तितकाच मऊ. "चुकलं माझं, आंटी. बहिणीला बरं वाटू दे." मूर्ती फळीवर ठेवल्याचा ठक्क आवाज आला. "हिला मधूनमधून पुसत जा. पितळ काळं पडतं. असू दे इथेच. येईल ती."

दारातला उजेड पुन्हा मोकळा झाला.

थोड्या वेळाने आंटी डेडेने येऊन पडदा एका बाजूला सारला. तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"गेला. इसाका गेलाय त्याच्या मागे, मोठ्या रस्त्यापर्यंत. तुम्ही मागच्या दाराने निघा. तिकडून शाळेच्या भिंतीच्या कडेने गाडीतळावर जाता येतं." मग तिने फोसुआकडे पाहिलं.

फोसुआचा हात पुढे आलेला होता. पडद्याची कड जिथे होती, तिथे बोटं अजून तशीच मिटलेली होती. अनवाणी पाय एक पाऊल पुढे पडला होता. तोंड अर्धवट उघडं होतं, कुणाच्या हाकेला ओ देता देता राहून गेल्यासारखं. आणि मागे सेनाम गाठोड्यांना पाठ टेकवून, टाचा जमिनीत रोवून उभी होती. फोसुआच्या कमरेचं कापड तिने दोन्ही मुठींत घट्ट पकडलं होतं. ओढल्यामुळे कापडाची शिवण एका बाजूने उसवली होती.

"घाबरलीस ना फार," आंटी डेडे म्हणाली. या वेळी आवाज हळू होता. "होतं असं. आता काही नाही."

 फोसुआ स्वतःच्या हाताकडे पाहत होती.

"चल गं," सेनाम म्हणाली.  "न्हीराची शाळा सुटेल." तिने एक मूठ सैल करून पाहिली. बोटं आखडली होती, ती उघडेनात.

"सोडू नकोस," फोसुआ म्हणाली.

"अगं, गेला तो."

"माहीत आहे," फोसुआ म्हणाली. "तरी धरून ठेव."