टेंगळ्या बेटावरच्या पाली

सुनीती पेणच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गेली चार वर्षं महिन्यातून एकदा ती रोह्याच्या खाडीतल्या टेंगळ्या बेटावर पाली मोजायला जायची. बोटाएवढ्या, राखाडी, दिवसा हिंडणाऱ्या या पाली काठावर तिला कधी दिसल्या नव्हत्या. माणसाला त्या भ्यायच्या नाहीत. तिच्या बुटावर चढून मुंग्या टिपायच्या.

तिला होडीतून नेणारा गुणाजी भातशेतकरी होता. भाद्रपदातल्या त्या शनिवारी ती आली तेव्हा तो होडीत पहार ठेवत होता. उधाणाने त्याच्या शेताच्या खाडीकडच्या बांधाला भगदाड पडलं होतं, आणि भात पोटरीला, कणसं धरायला आलेलं.

"बेटावरचं दगड आणतो, बाई. जवळ दुसरं नाय."

"भाऊ, त्या दगडांखाली पालींची अंडी असतात. चिकटलेली. काढायला गेलं की फुटतात."

"मग भात बुडू देऊ?"

तो रागाने बोलला नव्हता. ती होडीत बसली.

बेटावर गुणाजीने पहिला दगड उलटला. खाली वाटाण्याहून लहान पांढरी अंडी होती, जोडीजोडीने. शेजारी जुन्या टरफलांचे वण, एकावर एक.

"दरसाल इथंच घालतात?"

"हो. बऱ्याच जणी एकाच दगडाला."

तो थोडा वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने दगड होता तसा पालथा ठेवला आणि पहारीवर हात टेकून उभा राहिला. त्याचा उतरलेला चेहरा बघून सुनीतीला स्वतःचीच लाज वाटली. चार वर्षं अंडी कुठे असतात तेवढंच ती लिहीत आली होती. ती कुठे नसतात, याचा विचार आत्ता आला.

"भाऊ, कालवं चिकटलेले दगड घ्या! तिथवर भरतीचं पाणी येतं. तिथे पाल अंडी घालत नाही. मला एकदाही अंडं सापडलं नाही."

"नक्की?"

"उलटून बघू या."

त्यांनी खालच्या अंगाचे दहा दगड उलटले. खेकडे निघाले, अंडं एकही नाही.

मग दगड भरून होडीच्या सहा फेऱ्या झाल्या. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी सुनीतीचे तळवे कापले. बांधावर गुणाजीची बायको मालू दगड रचत होती. ते रक्त बघून तिने पदर फाडून बांधला. "बस गो जरा," ती म्हणाली, पण सुनीती बसली नाही.

संध्याकाळच्या भरतीआधी भगदाड बुजलं. बांधालगतचं भात खाऱ्या पाण्याने पिवळं पडून गेलं, बाकीचं तरलं. पुढच्या महिन्यात सुनीतीने बेटावर एकोणीस पिल्लं मोजली.