अडथळ्याचा रकाना

“कुत्री लिहिलीस का?” लाइनमनकाकांनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढता विचारलं.

“अजून नाही.”

“मग आधी ते लिही. पाखरं काय, आत्ता मोजूच. कुत्री लिहायला माणसं विसरतात.”

मी मांडीवरच्या फॉर्ममध्ये ‘अडथळा’ हा रकाना शोधला आणि लिहिलं : कुत्री – २. खरं तर त्या दोन कुत्र्यांपायीच मी पहाटेची पहिली बस धरून या दरीत आले होते.

पक्षीगणनेच्या कार्यालयात माझं काम फॉर्म तपासायचं. हिवाळ्यातल्या दर रविवारी आमचे मोजणारे आपापल्या पाणवठ्यावर जातात आणि फॉर्म भरून टपालाने पाठवतात. पाण्याजवळ कुत्री असली की पक्षी उडतात, मग ते दोनदा मोजले जातात किंवा सुटतात. म्हणून कुत्री असतील तर मोजणी बाद, असा नियम तीन वर्षांपूर्वी निघाला. तेव्हापासून काकांचा प्रत्येक फॉर्म मी माझ्या हाताने बादच्या गठ्ठ्यात टाकत होते. बाकीच्या शंभरेक मोजणाऱ्यांच्या फॉर्मवर कधीच कुत्रं नसे. एवढ्या गावांत, एवढ्या तळ्यांकाठी एकही कुत्रं नाही, हे मला जरा खटकायचं.

या वेळी आमच्या कार्यालयप्रमुख बाईंनी निक्षून सांगितलं होतं, “कुत्री घरी ठेवा म्हणावं. नाहीतर पुढच्या हिवाळ्यापासून ते तळं दुसऱ्या कुणाला तरी देऊ.”

काका ते तळं एकोणीस वर्षं मोजत होते. विजेच्या खात्यात लाइनमन असताना तारांना चिकटून मेलेले पक्षी उचलता उचलता त्यांना जिवंत पक्ष्यांचा नाद लागला. “आमचा आणि त्यांचा धंदा एकच,” ते म्हणत. “तारेवरचा.” कुत्र्यांची नावंही खात्यातलीच. धाकटी फ्यूज, कारण जरा काही झालं की उडते. थोरला अर्थिंग, कारण सदा जमिनीला चिकटलेला.

अर्थिंग चौदा वर्षांचा होता. तळ्याआधीचा चढ त्याला झेपत नव्हता, तेवढा काकांनी त्याला खांद्यावर घेतला होता. निघताना चहा देता देता काकू मला म्हणाल्याच होत्या, “रोज मिरवतात त्याला खांद्यावरून. मला चाळीस वर्षांत कधी उचललं नाही.”

“तू चालतेस की अजून,” काका बुटांच्या नाड्या बांधत म्हणाले.

तळ्याच्या अलीकडे तीसेक पावलांवर विजेचा एक जुना खांब होता. काकांनी नुसता तळवा खाली केला. दोन्ही कुत्री खांबाशी बसली. अर्थिंगने मान पुढच्या पायांवर टाकली आणि डोळे मिटले. गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. पाण्यावरून वाफ निघत होती आणि तिच्यातून चक्रवाक, तलवार बदकं, थापट्या एकेक करून दिसू लागले. मी मुद्दाम वाट पाहिली. एकही पक्षी उडाला नाही. एका राखी बगळ्याने तर आमच्याकडे पाठच फिरवली.

काका दहा-दहाने मोजत होते. दहा झाले की उजव्या खिशातला एक खडा डाव्या खिशात. शेवटी त्यांनी दोनशे चोवीस सांगितले, मी लिहिले, मग खडे पुन्हा मोजून म्हणाले, “चुकलं. दोनशे चौदा.”

मी खोडरबर काढला.

“अंहं. एकच आडवी रेघ मार. शेजारी बरोबर आकडा आणि सही. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे.”

मी स्वतः पुन्हा मोजले. दोनशे चौदाच होते.

परतीच्या वाटेवर मी बाईंचा निरोप सांगितला. उतारावरही काकांनी थोरल्याला उचलून घेतलं होतं. अर्थिंग त्यांच्या खांद्यावरून मागे, माझ्याकडे बघत होता.

“घरी बांधून पाहिलं एकदा,” ते म्हणाले. “मी परत येईपर्यंत रडत होता. आवाज गेला त्याचा दोन दिवस.”

“मग काका, लिहू नका ना. पक्षी उडतच नाहीत. कुणाला कळणार आहे?”

“होती ना पण कुत्री?”

“होती.”

“मग झालं तर.” थोडं चालून ते थांबले. “आमच्याकडे एक वही असायची. लाइन बंद केली की लिहायचं, चालू केली की लिहायचं. एकदा एकाने बंद केली आणि लिहिलं नाही. दुसऱ्याने वही बघितली आणि चालू केली. माझा जोडीदार वर होता.”

मी हातातला फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला.

“तुमच्या बाईंना सांग, या हिवाळ्यापुरतं चालवून घ्या,” ते म्हणाले. “पुढच्या हिवाळ्यात हा प्रश्न येणार नाही.” असं म्हणत त्यांनी अर्थिंगचे मागचे पाय नीट सावरून धरले.

मी बाईंना सगळं सांगितलं. खरं लिहिणाऱ्याचा फॉर्म बाद आणि न लिहिणाऱ्याचा जमा, हेही सांगितलं. “नियम एकाला एक, दुसऱ्याला एक, असा नसतो गं,” त्या म्हणाल्या. “हिवाळा संपेपर्यंत बघू.” रविवारमागून रविवार फॉर्म येत राहिले. दोनशे नऊ, कुत्री दोन. दोनशे सोळा, कुत्री दोन. मी ते बादच्या गठ्ठ्यात ठेवत राहिले.

शेवटच्या रविवारचा फॉर्म चार दिवस उशिरा आला. पक्षी : दोनशे अकरा. शेरा : ‘थोरला आधीच्या मंगळवारी गेला. धाकटी फाटकाबाहेर यायला तयार नाही.’

बाईंनी वरचे आकडे आणि अडथळ्याचा रकाना तेवढा पाहिला. “बघ, ऐकलं की नाही शेवटी?” म्हणाल्या, आणि तळं काकांच्याच नावावर ठेवून जमेचा शिक्का मारला. तीन वर्षांत काकांचा नियमात बसलेला हा पहिला फॉर्म.

तो गठ्ठ्यात लावण्याआधी मी जरा वेळ हातात धरून बसले. कुत्री असताना दोनशे चौदा, नसताना दोनशे अकरा. अडथळ्याच्या रकान्यात काकांनी सवयीने आधी ‘कुत्री – २’ लिहिलं होतं. त्यातल्या दोनावर एकच आडवी रेघ होती, खालचं वाचता येईल अशी. शेजारी शून्य, आणि सही.